भिंतीपलीकडचा गोठा

भिंतीतलं भोक आत्यानं बुजवलं ते सकाळी आठच्या सुमारास, घरातले सगळे आपापल्या आंघोळीच्या गडबडीत असताना.

तपासणीच्या दिवसाचा एक ठरलेला क्रम होता आणि एकतीस वर्षांत तो बदलला नव्हता. सकाळची धार उरकली की मशीनचा पाइप त्या भोकातून ओढून घ्यायचा. मग दोन्ही बाजूंनी पेंडीची पोती रचून भोक झाकायचं. पलीकडच्या टाकीत वर्षभर कोंडा भरलेला असायचा, तो उपसून टाकी धुवायची. दोन्ही दारांपुढच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये बूट बुडवायचं जंतुनाशक औषध ओतायचं. एरवी ते ट्रे कोंबड्यांना पाणी प्यायला होते. अलीकडची पोती थोरल्यानं रचली आणि तो दाढी करायला गेला. पलीकडची पोती रचणं आत्याकडे असे. तिनं ती रचली, पण त्याआधी विटा लावल्या.

काम काही सुबक झालं नाही. थापी नव्हती, म्हणून सिमेंट हातानंच चोपलं. नऊ विटांतली चौथी तिरकी बसली. काढून नीट बसवावी असं तिच्या मनात आलं, पण मागं बांधलेली काळतोंडी मान वळवून टक लावून बघत होती, आणि गाय बघत असताना केलेलं काम पुन्हा करायचं म्हणजे कमीपणाच.

"बघतेस काय," आत्या तिला म्हणाली. "तुझ्याच भल्याचं चाललंय."

ही भिंत आत्याच्या भावानं बांधली होती. म्हणजे थोरल्या-धाकट्याच्या बाबांनी. नियम असा होता की वीसपर्यंत गायी असतील तर तो छोटा गोठा, आणि छोट्या गोठ्याला गायीमागे पूर्ण अनुदान. विसाच्या वर गेलात की निम्मं. बाबांकडे अडतीस गायी. माणूस पक्का, आणि विटा स्वस्त. एका रविवारी त्यांनी गोठ्याच्या बरोबर मधोमध भिंत उभी केली, पलीकडे दुसरं दार पाडलं, कुठूनशी दूध गार करायची एक जुनी टाकी आणून ठेवली आणि एकोणीस गायी बहिणीच्या नावावर केल्या. पुढे दोन्हीकडे वीस-वीस झाल्या. संसार मोडून माहेरी आलेल्या बहिणीचं नाव तेवढ्यासाठी फार सोयीचं होतं. भिंतीत खाली एक भोक मात्र ठेवलं, पाइपासाठी. मशीन एकच, दूध एकाच टाकीत.

"तुझं काही जात नाही," ते तेव्हा म्हणाले होते. "नुसती सही."

तिचं काही गेलं नाही हे खरंच. ती सही करत गेली. दोन गोठ्यांचं अनुदान येत गेलं, त्यातून पत्रे बदलले, मशीन नवं आलं, धाकट्याचं फरशांचं दुकान उभं राहिलं. बाबा गेल्यावर दोघा भावांनी सगळं वाटून घेतलं तेव्हाही, तिच्या नावावर काही आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

गेल्या रविवारी थोरल्यानं तिच्यापुढे कागद ठेवले आणि "नेहमीचंच आहे," म्हणाला. तेच शब्द तो दरवर्षी वापरायचा, पण या वेळी म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आत्यानं चष्मा मागितला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कागद वाचला. सरकारची नवी योजना होती. दूध जास्त झालं होतं म्हणे, म्हणून जो गोठा कायमचा बंद करील त्याला गायीमागे मोठी रक्कम. गायी महिन्याच्या आत न्यायच्या, मशीन मोडीत काढायचं, आणि पंधरा वर्षं त्या आवारात कुणी गाय बांधायची नाही. खाली लिहिलं होतं, मालक, आणि त्यापुढे तिचं नाव.

"डोळे दुखतायत," ती म्हणाली होती. "नंतर करते."

*

धाकटा दुकानाची गाडी घेऊन आला तेव्हा थोरला स्वयंपाकघरात टेबलाशी बसून चहात बिस्किट बुडवत होता, आणि ते बुडून तळाला गेलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. थोरली, म्हणजे त्याची बायको, शेगडीपाशी दूध तापवत होती.

"सही झाली?" धाकट्यानं खुर्ची ओढत विचारलं.

"तिचे डोळे दुखतायत."

"रविवारपासून?"

"रविवारपासून."

"दादा, आत्याचे डोळे? नुसत्या चालीवरून कुठली गाय माजावर आलीय ते सांगते ती."

थोरला चमच्यानं तळाचं बिस्किट काढू लागला. धाकट्याला भावाची दया आली, आणि रागही आला. गोदामासाठी त्यानं जागा बघून ठेवली होती. मालकाला शब्द दिला होता. या योजनेतून तिसरा हिस्सा त्याचा, असं दोघा भावांत ठरलं होतं. त्यात गैर काय होतं? लहानपणी तोही याच गोठ्यात राबला होता. पाइप अडकला की त्या भोकातून पलीकडे सरपटत जायला त्यालाच पाठवायचे, आणि पलीकडे आत्या त्याची कॉलर धरून बाहेर ओढायची. "आला गं बाई माझा उंदीर," म्हणायची. ते आठवलं आणि त्याला उगीचच कसंतरी झालं.

"तिची सही लागतेच कशाला?" तो म्हणाला. "तपासनीस येणार आहे ना आज? सांगून टाक, नाव कागदापुरतं होतं. गोठा एकच, मालक तू. संपलं."

"संपलं नाही, भाऊजी, तिथून सुरू होईल," थोरली पाठमोरीच म्हणाली.

"म्हणजे?"

"गोठा एकच होता असं म्हटलं, की एकतीस वर्षं दोन गोठ्यांचं घेतलेलं अनुदान खोटं ठरतं. सगळं परत. व्याजासकट. तुमच्या दुकानातल्या फरशा उचकटून द्याव्या लागतील."

धाकट्यानं भावाकडे पाहिलं. थोरला मान हलवत होता. हे त्याला रविवारीच कळून चुकलं होतं.

"मग तुझ्याच बाजूच्या गायी दे योजनेत," धाकटा म्हणाला.

"एका आवारातले सगळे गोठे बंद झाले तरच पैसे," थोरला म्हणाला. "बाबांनी भिंत घातली ती घातली. कुंपणही घातलं असतं तर बरं झालं असतं."

तेवढ्यात आत्या आत आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. तिनं ते पुसले नाहीत, तशीच उभी राहिली.

"माझ्याबद्दल चाललंय ना? मग माझ्यासमोर चालू दे."

"आत्या, बस," थोरला म्हणाला. "नीट ऐक. शहरात घर बघितलंय. तुला वेगळी खोली आहे, खिडकीखाली बाग आहे. अडुसष्ट वर्षांची झालीस. आता आराम कर."

"आराम मी मागितला का?"

"मी मागतोय!" थोरल्याचा आवाज चढला. "मला पाहिजे आराम! सव्वीस वर्षं पहाटे चारला उठतोय मी. हा खांदा बघ, वर जात नाही. ताप असो, लग्न असो, मयत असो, चार वाजता धार. मला एक दिवस सात वाजेपर्यंत झोपायचंय, आत्या. एकच दिवस. एवढं काय मोठं मागितलं मी?"

दूध वर आलं तसं थोरलीनं शेगडी बंद केली.

"मोठं नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "झोप की. तुझ्या वीस गायी वीक, दार लाव, दुपारपर्यंत झोप. मी उठवायला येणार नाही. पण माझ्या वीस नाही."

"तुझ्या?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या."

"आत्या, ते कागदावर—"

"कागदावरच म्हणते मी. खोटं तुम्ही केलंत. तुझ्या बापानं केलं, त्याचं तुम्ही खाल्लंत, मीही खाल्लं. एकतीस वर्षं सरकारला सांगितलं की या बाईचा गोठा आहे. आता ती बाई म्हणते, हो, माझाच आहे, तर सगळ्यांना घाम का फुटला?"

धाकटा हसायला गेला, पण जमलं नाही.

"आणि तू," ती थोरल्याकडे वळली, "तू मला म्हणाला असतास ना, आत्या, मी थकलो, गोठा बंद करू या, तर मी रडले असते, भांडले असते, पण कदाचित सही केली असती. तू म्हणालास नेहमीचंच आहे. मला वाचता येतं हे तू विसरलास का रे?"

थोरल्यानं मान खाली घातली. आत्या आली तशी निघून गेली.

*

थोरली कपाटातून फाइल घेऊन मागच्या दारानं गोठ्याकडे निघाली. तिला एकटीला आत्याशी बोलायचं होतं.

या घरात ती सून म्हणून आली तेव्हा तिला पहिलं काम मिळालं ते अर्ज भरायचं. अक्षर चांगलं म्हणून. पुढे सगळं संगणकावर आलं तेही तिनंच शिकून घेतलं. पलीकडे वासरू झालं की त्याच्या कानाचा बिल्ला आत्याच्या नोंदणीवर मागवायचा, अलीकडे झालं की नवऱ्याच्या. तीन वर्षांपूर्वी नियम सैल झाला, मोठ्या गोठ्यालाही पूर्ण अनुदान सुरू झालं. नवरा म्हणाला होता, "आता ते दोन-दोन अर्ज बंद कर. सगळं एका नावावर घे."

तिनं घेतलं नव्हतं. विसरली असं सांगितलं असतं, पण कुणी विचारलंच नाही. खरं कारण तिला सांगताही आलं नसतं. संगणकावर तो अर्ज उघडला होता, आत्याचं नाव समोर होतं, पुढे एक बटण होतं: नोंद रद्द करा. साऱ्या घरात बाईमाणसाच्या नावावर असलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि तीही खोटी. ती पुसायला तिचा हात झाला नाही. दर वर्षी तिनं दोन अर्ज भरले.

पलीकडच्या गोठ्यात आत्या टाकीच्या आत डोकं घालून तिची कड घासत होती. टाकीची मोटर चालू होती. थोरली थबकली. एवढ्या वर्षांत तिनं ती कधी चालू असलेली ऐकली नव्हती.

"मेकॅनिक परवा आला होता तो मशीनचे रबर बदलायला नव्हे तर?"

"रबरही बदलले," आत्याचा आवाज टाकीतून घुमत आला. "गुरुवारी एक जुनं मशीन आणून देतोय. चाकांवरचं. तोपर्यंत हातानं."

"वीस गायी? हातानं?"

"मशीन नव्हतं तेव्हा काय गायी आपलं आपण काढून ठेवायच्या?"

थोरलीचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. नखांच्या कडेला राखाडी काहीतरी सुकलं होतं. मग भिंतीपाशी रचलेल्या पोत्यांकडे गेलं. सगळ्यात वरच्या पोत्यावर राखाडी बोटं उमटली होती. तिनं एक पोतं बाजूला सारलं, आत डोकावली आणि तशीच वाकून राहिली.

"आत्या."

"काय?"

"चौथी वीट तिरकी आहे."

"माहितीय मला."

थोरलीला हसू फुटलं. आधी तिनं ते दाबलं, मग पोत्यावर बसून पोट धरून हसली. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी हसण्याचंच होतं की नाही हे तिलाही सांगता आलं नसतं.

"मला कामावर ठेवाल?" ती शब्दाशब्दाला अडखळत म्हणाली. "पगार घेईन हां. फुकट नाही. फुकट खूप केलं."

आत्यानं टाकीतून डोकं बाहेर काढलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग कोपऱ्यातली बादली तिच्याकडे सरकवली.

*

या वेळी तपासनीस एक बाई निघाल्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात टॅब, पायात स्वतःचे आणलेले रबरी बूट. आधीचे तपासनीस चहा पिऊन सही करून जायचे. यांनी चहाला नको म्हटलं तेव्हाच थोरल्याचा धीर सुटायला लागला. त्यांनी दारातल्या ट्रेमध्ये बूट बुडवले आणि तो बुडवतो का ते बघत थांबल्या. त्यानंही बुडवले.

त्या एकेका गायीच्या कानातला बिल्ला वाचत पुढे सरकत होत्या. थोरला मागून, धाकटा त्याच्या मागून. आत्या आणि थोरली दाराशी उभ्या होत्या, शेजारीशेजारी, आणि आपली बायको तिथं का उभी आहे हे थोरल्याला नीट कळत नव्हतं. तो मनाशी वाक्य जुळवत होता. बोलून टाकावं का? होऊ दे दंड. जमीन विकू. एकदाचं सुटू. रात्रंदिवस हे खोटं सांभाळायचं, दर वर्षी पोती रचायची, तपासनिसाला चहा विचारायचा. बाबांनी मोठी हुशारी केली आणि निस्तरायला मला ठेवलं.

"ही पोती भिंतीला लावून का ठेवलीत?" तपासनीस बाईंनी विचारलं.

थोरल्यानं वरच्या पोत्यावर हात ठेवला.

"जागा नाही, म्हणून."

"उंदीर होतात. हलवा बरं."

"आत्ता?"

"आत्ता. मला भिंत बघायची आहे. दोन गोठे स्वतंत्र दाखवलेत, तर भिंत सलग आहे की नाही हे मला लिहावं लागतं."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरल्यानं पहिलं पोतं उचललं. अकरा पोती होती. वाईट खांदा, जड पोतं, आणि शेवटचं पोतं कधी येऊच नये असं वाटत असताना ती भराभर संपत गेली. शेवटची दोन राहिली तेव्हा तो सरळ उभा राहिला.

"मॅडम, खरं सांगायचं तर ही भिंत—"

"पोतं," त्या म्हणाल्या. "आधी पोतं."

त्यानं डोळे मिटून पोतं ओढलं. कुणी काही बोललं नाही म्हणून उघडले.

समोर विटा होत्या. नऊ. एक तिरकी. फटींतून सिमेंट अलीकडे फुगून आलं होतं. इतकं वाईट काम त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्याला सगळं समजलं: आपण वाचलो, आणि आपण हरलो, आणि दोन्ही एकाच बाईनं केलं.

तपासनीस बाईंनी बोट लावून पाहिलं. बोटाला राखाडी लागलं.

"ओलं आहे."

"दुरुस्ती," आत्या दारातून म्हणाली. "माझ्या बाजूनं केली. भिंत सामाईक आहे, पण खर्च माझा."

बाईंनी बोट रुमालाला पुसलं. त्या विटांकडे, मग आत्याच्या नखांकडे, मग थोरल्याकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं याबद्दल थोरल्याच्या मनात शंका राहिली नाही.

"मी काल इथं नव्हते," त्या सावकाश म्हणाल्या. "आज जे दिसतं तेच मी लिहिते. बंद करण्याच्या योजनेच्या अर्जात आवारातल्या सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. इथं एक रकाना आहे. हे दोन स्वतंत्र गोठे आहेत की एकच? तुमच्या तोंडून हवं मला."

"अहो," थोरली फाइल उघडत म्हणाली. नवऱ्याला सगळ्यांसमोर कधी न टोकणारी. "काय ते नीट सांगा. आत्यांच्या बाजूच्या वीसही गायींचे बिल्ले आत्यांच्या नोंदणीचे आहेत. मी स्वतः मागवलेत. या वर्षीचेसुद्धा."

"तुला मी बंद करायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

तिनं दुसरं काही स्पष्टीकरण दिलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. सव्वीस वर्षांचा संसार, आणि ही आपल्याला इतकी अनोळखी?

"दादा," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला, "विचार कर. माझं गोदाम—"

"सांग ना," आत्या म्हणाली. तिनं पाऊल पुढे टाकलं नाही. तिथूनच, सगळ्या गायींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एक म्हणायचं असेल तर एक म्हण. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. दंड झाला तर दोघं भरू, तुरुंग झाला तर दोघं जाऊ, मला भीती नाही. पण दोन म्हणालास तर दोन. मग पुन्हा माझ्यापुढे नेहमीचंच म्हणून कागद आणायचा नाही."

कुठल्याशा गायीनं नाक फुरफुरवलं. थोरल्याला वाटलं, बाबा असते तर हसून चहा मागवला असता आणि कुणाला कळायच्या आत विषय बदलला असता. त्याला ते कधीच जमलं नव्हतं.

"दोन," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"दोन गोठे आहेत. पलीकडचा आत्याचा."

बाईंनी टॅबवर बोट टेकवलं. "आणि बंद करण्याच्या अर्जावर त्यांची सही?"

"नाही," आत्या म्हणाली. "सही नाही."

*

धाकटा दुपारचं जेवण न घेताच निघाला. गाडीत बसताना तो आत्याला म्हणाला, "गोदामाच्या मालकाला काय सांगू मी?" आणि आत्या म्हणाली, "सांग, आमच्या उंदराचं बीळ बुजलं." तो हसला नाही. दार जोरात आपटून गेला. पुढे तीन महिने त्यानं फोन केला नाही, पण त्याबद्दल आत्याला जे वाटत होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि तिच्या वतीनं आपणही सांगू नये.

दुपारची धार चारला सुरू झाली. अलीकडे मशीनचा आवाज होता, पलीकडे दोन बादल्यांचा. वीस गायी, दोन बाया. तिसऱ्या गायीला थोरलीची बोटं आखडली, सातव्या गायीनं लाथ मारून अर्धी बादली सांडली, आणि त्या वेळी ती जे बोलली ते आत्यानं तिच्या तोंडून पूर्वी कधीही ऐकलं नव्हतं.

"आता बरी शिकलीस," आत्या म्हणाली. "तिला असंच बोलावं लागतं."

सहाच्या पुढे दुधाचा टँकर आवारात वळला. टँकरवाला गेली बावीस वर्षं आत्याला 'मालकीण' म्हणून हाक मारत होता. बाबांनी त्याला भिंतीची गंमत सांगितली होती, तेव्हापासून. हाक तिला मारायची आणि पावती थोरल्याच्या हातात द्यायची, हा त्याचा नेहमीचा विनोद होता.

"काय मालकीण!" तो खिडकीतून ओरडला. "आज दारात उभ्या?"

"पाइप इकडेही लाव."

"कशाला? कोंडा भरून नेऊ?"

आत्यानं टाकीचं झाकण उघडलं. तो उतरून आला, आत डोकावला. टाकी जेमतेम तळापासून वीतभर भरली होती. दूध पांढरं, गार, स्थिर. त्यानं झाकणाला हात लावला, मोटर ऐकली, मग आत्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही. मुकाट्यानं त्यानं पाइप लावला. पावती फाडली.

"कुणाच्या नावानं?"

"बावीस वर्षं काय हाक मारतोस? तेच लिही."

त्यानं लिहिलं. आत्यानं चष्मा लावला, पावती वाचली, लिटरचा आकडा पुन्हा वाचला, मग सही केली.

टँकर गेल्यावर ती गव्हाणीतला चारा हलवत होती, तर दारात सावली पडली. थोरला उभा होता. भिंतीपलीकडे बोलायचं म्हणजे आजवर तो भोकापाशी वाकून ओरडायचा. आज पहिल्यांदा त्याला आवार ओलांडून, गोठ्याला वळसा घालून यावं लागलं होतं. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. चेहरा उतरलेला, वाईट खांदा दुसऱ्या हातानं धरलेला. आत त्याची बायको गायीला टेकून बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"माझ्या वीस मी विकतोय," तो म्हणाला. "बाजारात मिळतील त्या भावानं."

"वीक."

"मशीन मोकळं होईल मग."

आत्या चारा हलवत राहिली.

"तुला लागलं तर, म्हणतोय मी. ते चाकांवरचं डबडं कशाला घेतेस?" तो थांबला. मग फार खालच्या आवाजात, जणू हे वाक्य या आवारात कधीच कुणी उच्चारलं नव्हतं, म्हणाला, "आत येऊ का?"

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत या दारातून आत येताना कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. मग तिनं दारापुढच्या ट्रेकडे बोट दाखवलं. त्यातून कोंबड्या पाणी पिणार नाहीत अशा बेतानं तिनं सकाळीच त्याच्याभोवती जाळी ठोकली होती.

"बूट बुडव आधी," ती म्हणाली. "मग ये."